फळ्यावर अकरा, वहीत पाच

रंगा,

तू गेलास म्हणून तुझ्याबद्दल गोडगोड बोलायचं माझ्या जिवावर आलंय. तुझ्या कारखान्यातल्या लोकांनी शोकसभेत तुला 'मितभाषी' म्हटलं. मितभाषी! मला खाली मान घालून हसू दाबावं लागलं. तुझ्या आवाजाने सांगलीच्या मैदानावरची कावळ्यांची शाळा उठली होती, ते या लोकांना काय ठाऊक?

पण नंतर एस.टी.त बसल्यावर वाटलं, त्यांचंही खरंच असेल. त्यांनी पाहिलेला रंगराव गप्पच असणार. वजनकाट्यावर बसून उसाच्या गाड्या सोडायच्या, कुणाच्या बारशाला जायचं नाही, साखरपुड्याला जायचं नाही, गेलंच तर दाराबाहेर थांबायचं. तो रंगराव केला कुणी? मीच की. तेच तुला सांगायचं आहे. जिवंतपणी सांगायची हिंमत झाली नाही, आता सांगतो.

गोष्ट एवढीच आहे. तू पांढऱ्या पायाचा नव्हतास. आपण जिथं जातो तिथं कामाचा विचका होतो, ही समजूत तू शेवटपर्यंत धरून बसलास. ती मी तुझ्या डोक्यात घातली, आणि घालताना मला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे.

दुष्काळ संपल्यानंतरचं ते वर्ष. आपण साताऱ्याला कॉलेजात, शेवटच्या वर्गाला. कॉलेजांच्या बास्केटबॉलच्या स्पर्धा त्या वर्षी सांगलीला होत्या, विश्रामबागेत. आपला संघ म्हणजे दरवर्षी पहिल्या फेरीत हरून, उसाचा रस पिऊन परत येणारा. तुला त्या संघात घेतलं नव्हतं. उंची बेताची, त्यात गुडघा दुखावलेला. दुसरा कुणी असता तर त्या खेळाचं नाव टाकलं असतं. तू मात्र रोज सकाळी मैदानावर फक्कीच्या रेघा मारायला हजर. "आपल्याला घेतलं न्हाई म्हणून पोरांनी वाकड्या रेघांत खेळायचं का?" असं वर मलाच विचारायचास.

सांगलीला तू आमच्या घरी उतरलास. आई तुला पहिल्यांदाच बघत होती. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, आणि सामना पाचचा. त्यामुळे आईने चारलाच पानं मांडली. तू भाकरी मोडताना म्हणालास, "आवं काकी, ही दुपारची म्हणायची का रात्रीची?" आई म्हणाली, "तू दोन्ही समजून जेव बाबा, लय वाळलायस." तू सहा भाकरी खाल्ल्यास. आई अजून सांगते. तू गेल्याचं कळलं तेव्हाही तिला आधी त्या भाकऱ्याच आठवल्या, मग ती रडली.

पहिली फेरी यजमान कॉलेजाशी. म्हणजे आपलं मरण ठरलेलं. मैदानाच्या तिन्ही बाजूंना त्यांची माणसं, एका कोपऱ्यात आपण दहा-बारा जण. शेजारीच गुणलेखकाचं टेबल, आणि टेबलाच्या पलीकडे पाहुण्यांसाठी खुर्च्या. त्या खुर्च्यांवर माझा मामा बसला होता. त्याच्या शेजारी मामी, आणि विमल.

विमलबद्दल तुला तेव्हा मी काही बोललो नव्हतो. मामाची मुलगी, घरात वर्षभर कुजबुज चाललेली, पण मामा अजून हो-नाही काही म्हणत नव्हता. मुलगा शिकतोय कसा, राहतोय कसा, कुणात ऊठबस आहे, हे बघायलाच तो त्या दिवशी आला असावा. बास्केटबॉलशी त्याचं काय घेणंदेणं? चेंडू आधी जमिनीवर का आपटतात, हे तो मध्ये मध्ये गुणलेखकाला विचारत होता.

आणि तू सुटलेला. "टाक की रं टोपल्यात! आरं टोपलं वर हाय, खाली काय बघतुस!" जाधवने चेंडू सोडला की, "जाधवा, घरी जा अन् म्हशी धर!" पंचाने आपल्याविरुद्ध शिट्टी मारली तेव्हा तू त्यांच्या डोळ्यांचा, त्यांच्या चष्म्याचा आणि तो चष्मा विकणाऱ्या दुकानदाराचा मिळून जो उद्धार केलास, तो मी इथं लिहीत नाही. आपले लोक पोट धरून हसत होते. मीही हसत होतो, मामाची नजर इकडे वळेपर्यंत.

मध्यंतराला मामा उठून आला. तुझ्याकडे हनुवटी करून मला हळूच म्हणाला, "हा कोण? तुझ्याबरोबरचा आहे का?"

मी म्हणालो, "नाही मामा. आमच्या कॉलेजातला आहे कुणीतरी."

कुणीतरी. ज्याने दीड तासापूर्वी माझ्या आईच्या हातच्या सहा भाकरी खाल्ल्या, तो कुणीतरी. तू तेव्हा नळावर पाणी प्यायला गेला होतास, म्हणून ऐकलं नाहीस. आज सगळंच सांगायला बसलोय, तर हेही ऐकून ठेव.

दुसऱ्या डावात आपण वाईट मागे पडलो. एकेचाळीस बावन्न. फळ्यावर खडूने तसं लिहिलेलं. मग तुझं मागच्या यजमानांच्या पोरांशी वाजलं. ते 'सातारकरांनो, कंदी पेढं खावा अन् घरी जावा' असं काहीतरी ओरडले, आणि तू मैदानाकडे पाठ करून त्यांच्याशी भांडायला उभा राहिलास. तीन-चार मिनिटं तरी भांडलास. बाह्या वर सरकवल्या होत्यास. आणि नेमक्या त्याच तीन-चार मिनिटांत आपल्या पोरांनी लागोपाठ तीन बास्केट टाकले. आपले लोक बोंबलत होते, आणि तुला वाटलं ते तुझ्या भांडणाला जोर देतायत!

फळ्यावर गुण लिहिणारा माणूसही तुमचं भांडणच बघत होता. त्याने फळा बदललाच नाही. पण मी गुणलेखकाच्या खांद्याला खांदा लावून बसलेला. मला त्याची वही दिसत होती. वहीत सत्तेचाळीस बावन्न होतं. पाचाचा फरक राहिला होता, आठ मिनिटं हातात होती, आणि यजमानांच्या पोरांना धाप लागलेली दिसत होती. सामना आपल्याकडे झुकला होता रंगा. तुझी पाठ मैदानाकडे असतानाच झुकला होता.

तू वळलास, फळा बघितलास आणि मटकन खाली बसलास. "अजून अकराच?" म्हणालास. पलीकडून मामा बघत होता. विमल मामीच्या कानात काहीतरी बोलून हसली. मला वाटलं, मला हसली. अंगाची नुसती लाही झाली. तू पुन्हा ओरडायला तोंड उघडलंस, आणि मी तुझा दंड धरला. म्हणालो, "रंगा, तू बाहेर जा."

"का रं?"

"तू बघतोस म्हणून हरतोय आपण. मागल्या वर्षी फलटणला तू होतास, हरलो. त्याच्या आधी कराडला होतास, हरलो. तू पांढऱ्या पायाचा आहेस गड्या. जा बाहेर, बघ पोरं कशी खेळतात ते."

मला वाटलं होतं तू शिवी हासडशील. तू माझ्याकडे बघितलंस, एकदा फळ्याकडे बघितलंस, आणि म्हणालास, "व्हय का? मग जातो की." चपला पायात सरकवल्यास आणि माणसांतून वाट काढत फाटकाबाहेर गेलास. मी 'वहीत पाच आहे' असं म्हणालो असतो तर तू तिथंच बसून राहिला असतास. मी म्हणालो नाही. मामाच्या नजरेपुढून तू हललास, एवढ्यानेच मला हायसं वाटलं.

आपण दोन गुणांनी जिंकलो.

काय धिंगाणा झाला! जाधवला खांद्यावर घेतलं, कुणी टोप्या उडवल्या, आपले प्रोफेसर चक्क रडले. मी धावत बाहेर आलो तर तू कुंपणाच्या भिंतीशी, मैदानाकडे पाठ करून, गुडघ्यात डोकं घालून बसलेला. आत चाललेला दंगा यजमानांचा आहे असंच तू धरून चालला होतास. मी म्हणालो, "रंगा, जिंकलो!" तू मला उचलून गरागरा फिरवलंस. आणि खाली ठेवल्यावर म्हणालास, "म्हंजी खरंच माझा पाय वाईट हाय की रं."

हसत म्हणालास. म्हणून मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी दुसरी फेरी होती. सकाळपासून आपले सगळे गेटाशी लावलेल्या तक्त्यापुढे उभे, कोण जिंकलं, कोण उडालं ते बोटाने दाखवत. तीन नावाजलेले संघ पहिल्याच फेरीत घरी गेले होते, आणि आपलं नाव पेन्सिलीने दुसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं. ते नाव बघायला आपली पोरं चार-चार वेळा जाऊन आली. तू रस्त्याच्या पलीकडूनच ओरडलास, "बाळू, वाचून दाव. आपलं नाव कुठं हाय? कितव्या घरात?" मी वाचून दाखवलं. तू गेटाच्या आत पाऊल टाकलं नाहीस.

सामन्यालाही आला नाहीस. भिंतीपलीकडे बसलास, आणि मी दर बास्केटला भिंतीवरून गुण ओरडायचे, असं ठरलं. थोड्या वेळाने मला ओरडायची गरजच राहिली नाही. नुसत्या गलक्यावरून तू ओळखायला लागलास. "ही आपली व्हती. ही त्यांची. ह्यो जाधव, त्याला टाळ्या येगळ्या पडत्यात." आपल्या पोरांना हे फार आवडलं. येता-जाता तुला नमस्कार घालायचे, "आज पण बाहेरच बस हां महाराज!" दुसरी फेरीही आपण जिंकलो. मग काय, शिक्काच बसला.

उपांत्य फेरीत हरलो, एका गुणाने. शेवटी जाधवला दोन फ्री थ्रो होते. पहिला आत गेला, दुसरा रिंगवर फिरून बाहेर पडला. मी भिंतीपलीकडे आलो तर तुझा चेहरा पांढराफटक. "माझ्यामुळं झालं," म्हणालास. "दुसऱ्याला मी उठून वाकून बघितलं रं. ऱ्हावलं न्हाई. मी बघितलं अन् त्याचा चुकला."

यावर आपण किती भांडलो असू! मी म्हणायचो, जाधवचा कोपर बाहेर जात होता, चुकणारच. तू म्हणायचास, कोपर पहिल्यालाही बाहेरच होता, तो कसा आत गेला? सहा वर्षांत कधीही भेटलो तरी चहाच्या दुसऱ्या घोटाला आपण जाधवच्या कोपरावर यायचो. मला दर वेळी वाटायचं, आता सांगावं. म्हणावं, कोपर खड्ड्यात घाल, त्या पहिल्या दिवशी वहीत पाच होतं. पण मग 'तू मला बाहेर का काढलंस?' हे तू विचारलंच असतंस. त्याचं उत्तर काय देणार होतो? तुझी लाज वाटली म्हणून. हे तुझ्या तोंडावर म्हणायला छाती लागते. माझ्याकडे नव्हती.

आणि तुझं वाढतच गेलं. मला वाटलं होतं कॉलेज सुटलं की विसरशील. माझं लग्न झालं, त्याच विमलशी. तू कोरेगावहून पहाटेची गाडी पकडून आलास आणि मंगलाष्टकं सुरू झाली तसा मांडवाबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलास. मुठीतल्या अक्षता तू तिथूनच टाकल्यास. मामाने मला विचारलं, "तुझा तो मित्र बाहेर का?" या वेळी मी मित्र हा शब्द खोडून काढला नाही, पण कारणही सांगितलं नाही. विमलला वाटलं तू रुसलास. तुझी मुलगी झाली तेव्हा तू दवाखान्यात न जाता दिवसभर एस.टी. स्टँडवर बसलास. सुखरूप झाल्यावर मला पत्रात लिहिलंस, 'मी लांब राहिलो, सगळे नीट पार पडले.' ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. उत्तरात मी मुलीला आशीर्वाद लिहिले आणि हवापाण्याचं लिहिलं.

आता दवाखान्याचं. कावीळ उतरेना म्हणून तुला सांगलीला आणलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी आलो, तुझे डोळे हळदीसारखे झालेले, तरी तू जाधवचा कोपर काढलासच. त्या रात्रीत तुझं बिघडलं, असं सकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसातून निघता आलं नाही, तर त्या दिवशी तू भाताची पेज प्यायलास, उठून बसलास. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा येऊन तुझ्या उशाशी तासभर बसलो, आणि तुला पुन्हा उलट्या सुरू झाल्या.

चौथ्या दिवशी मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आत आलो नाही.

हस रंगा, खुशाल हस. खोटं मी रचलं, माझ्या हाताने रचलं, आणि वेळ आली तेव्हा मलाच ते खरं वाटलं. मला वाटलं, बाहेर राहिलो तर तू वाचशील. शालनवहिनी दारात आल्या. म्हणाल्या, "भावजी, आत या की. ते इचारत्यात तुमास्नी." मी म्हणालो, "नको वहिनी. मी आलो की त्याचं बिघडतंय. मी इथंच बरा." त्या आत गेल्या आणि लगेच परत आल्या. म्हणाल्या, "ते म्हणत्यात, बरं केलं. बसू दे तितंच."

तू माझं म्हणणं पटवून घेतलंस. घेणारच, मीच शिकवलेलं होतं. मी बाकावर बसून राहिलो, मनात ठरवत होतो की उद्या बरा दिसला की सगळं सांगून टाकायचं. दुपारी साडेबाराच्या सुमाराला आतून वहिनींचा आवाज आला.

तुझ्या दहाव्याला मी कोरेगावला आलो होतो. नदीवरचं आटोपून सगळे तुमच्या अंगणात बसले होते. तुझे आबा खाटेवर, पलटणीतल्यासारखे ताठ. वहिनी दाराच्या आत, पोरीला मांडीवर घेऊन. आणि तुझी थोरली चुलती चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पांढऱ्या पायाची निघाली बया. चार वरसांत माझं पोर खाल्लं."

वहिनींनी मान खाली घातली आणि पोरीच्या झबल्याची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली. मी तो शब्द ऐकला आणि माझ्या कानशिलात कुणी वाजवावी तसं झालं.

मी उठून उभा राहिलो. मला अंगणात बोलायची सवय नाही, माझा आवाज चिरकला. म्हणालो, "काकी, पांढरा पाय वगैरे काही नसतं. रंगाला पांढऱ्या पायाचा म्हणणारा पहिला माणूस मी आहे, आणि मी खोटं बोललो होतो." आणि सगळं सांगितलं. मामा, खुर्च्या, फळ्यावर अकरा, वहीत पाच. तुझी लाज वाटली हेही सांगितलं. चुलती तोंडाला पदर लावून बसली. आबा म्हणाले, "सहा वरसं माझा पोरगा दाराभायेर हुबा ऱ्हायला, ते तुमच्यापायी?" मी 'हो' म्हणालो. मग त्यांनी चुलतीकडे बघितलं. "ऐकलं न्हवं? आता ह्यो शब्द ह्या घरात पुन्हा काढायचा न्हाई."

मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. तुला नाही तर तुझ्या बायकोला तरी उपयोगी पडलो.

निघताना मी वहिनींना सांगायला दाराशी गेलो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रंगा, राग असता तर बरं झालं असतं. त्यांना एक गोष्ट खरोखरच कळत नव्हती आणि ती त्या मला विचारत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमाला म्हाईत व्हतं खोटं हाय म्हणून. मग त्या दिवशी तुमी आत का न्हाई आला?"